भावाच्या वॉचमधली आरती

जहाज बुडलं की लोक हळहळतात. खडकावर चढून बसलं की हसतात. "एवढा मोठा समुद्र सोडून दगडच सापडला काय रे?" असं पूनम सागर सोसायटीतल्या आमच्या एका शेजाऱ्याने माझ्या भावाला तोंडावर विचारलं होतं. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी माझी समजूत घातली, "कोई मरा तो नहीं ना? बस, शुक्र करो." कोणी मेलं नाही, हे खरं. पण भावाचं जहाज चालवायचं सर्टिफिकेट राहतं की जातं, तो पुन्हा समुद्रावर जातो की नाही, याच्यावर आमचं सगळं घर टांगलेलं होतं.

माझा धाकटा भाऊ सिमेंट नेणाऱ्या एका लहान मालवाहू जहाजावर सेकंड मेट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी होता. कप्तान आमच्याच रत्नागिरीकडच्या वाडीतले. नातं काही नाही, पण आई त्यांना भाऊ मानायची, म्हणून आम्ही मामा म्हणायचो. भावाला जहाजावर लावलं त्यांनीच. निघताना बाबांनी बजावलं होतं, मामांच्या शब्दाबाहेर जायचं नाही. खरं तर हे सांगायची गरज नव्हती. मोठ्यांना उलट बोलायचं नाही, हे आमच्या घरातलं बाळकडूच.

त्या वर्षी गणपतीला आम्ही सगळे गावी होतो आणि ते दोघे पाण्यावर. कोकणातल्या माणसाला गणपतीत घरापासून लांब ठेवलं की तो वेडापिसा होतो. मीही तशीच आहे, त्यामुळे त्याबद्दल मी मामांना नावं ठेवणार नाही. जहाज गावासमोरूनच जाणार होतं, पण इतक्या लांबून की फोनला रेंज मिळेना. तेव्हा मामांनी नकाशावर आखलेली वाट सोडली आणि जहाज किनाऱ्याकडे घेतलं. वॉचवर, म्हणजे पहाऱ्यावर, भाऊ होता. समोर नजर ठेवायला त्याच्या जोडीला एक खलाशी असतो. त्याला मामांनी खाली पाठवलं, नैवेद्याचा शिरा आणायला. हे मला भावाने नंतर सांगितलं. पुढचं मी स्वतः पाहिलं, कारण इकडचा फोन माझ्या हातात होता.

दिवेलागणीची आरती सुरू झाली आणि भावाचा व्हिडिओ कॉल आला. मामांच्या फोनला अजून रेंज नव्हती, म्हणून त्याचा फोन. तो त्यांनी मागच्या भिंतीला टेकवून ठेवला होता, त्यामुळे देवाकडे तोंड म्हणजे समुद्राकडे पाठ. दोघे टाळ्या वाजवत उभे. मामा तर भान हरपून गात होते. आमचं घर माणसांनी भरलेलं. सगळ्यांनी त्यांना पाहिलं, हात हलवले. झांजांच्या गोंगाटात तिकडून कसलीतरी टीं टीं ऐकू यायला लागली. मला वाटलं, फोनच बिघडला. ते खालचं पाणी मोजणारं यंत्र होतं. पाणी उथळ झालं की ते ओरडतं.

भाऊ म्हणाला, "मामा, पाणी कमी होतंय."

"बंद कर रे ते, आरती चाललीये."

भावाने हात लांब करून ते बंद केलं. तरी तो सारखा मागे वळून काचेकडे बघत होता. तेव्हा माझ्या खांद्यावरून बाबा ओरडले, "आरतीत देवाला पाठ दाखवतोस? सरळ उभा राहा!"

भाऊ सरळ उभा राहिला. अख्खं जहाज ज्याच्या भरवशावर चाललंय तो अधिकारी, बापाने दटावल्यावर हात जोडून, आमच्याकडे बघत. कापूर पेटला. मग पडद्यावर सगळं हिंदकळलं, छत दिसलं आणि कॉल बंद पडला. "रेंज गेली," कोणीतरी म्हणालं. आम्ही प्रसाद वाटला.

जहाजाच्या पोटात पाणी शिरलं आणि सिमेंटचा दगड झाला. चौकशीत मामांनी सांगितलं, मी केबिनमध्ये होतो, ड्युटीवरचा अधिकारी घरच्यांशी फोनवर बोलत होता. फोन भावाचा, कॉल माझ्या नंबरवर. खोटं कसं पाडणार? आपल्याला खाली कोणी पाठवलं, हे खलाशाला आठवेना. वाडीत ज्याला विचारावं त्याने म्हणे देवाकडेच पाहिलं होतं, फोनकडे नाही. माझा संताप संताप झाला. मी भावाला म्हटलं, "मी येते साक्षीला. मामा, ती टीं टीं, सगळं सांगते."

तो म्हणाला, "सगळं म्हणजे सगळंच सांगावं लागेल, ताई."

चौकशीच्या शेवटच्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेले, पण बाहेरच बसून राहिले. आत त्याने एवढंच सांगितलं की वॉच माझी होती, चूक माझी आहे. सर्टिफिकेट गेलं. परतताना नया नगरच्या सिग्नलला रिक्षा थांबली, तेव्हा त्याने माझ्याकडे पाणी मागितलं.

बाबा दारातच उभे होते. आम्ही चपला काढायच्या आधीच त्यांनी भावाला हळू आवाजात विचारलं, "माझं काही निघालं का तिथे?"

"नाही, बाबा."

बाबांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, ती बघून मला त्यांची किळस आली. आपल्या बापाची किळस येणं काय असतं, ते शत्रूलाही कळू नये. त्यांनी आईला पानं वाढायला सांगितली. भाऊ हातपाय धुऊन त्यांच्या शेजारी बसला. सर्टिफिकेटचं काय झालं, हे बाबांनी ताक-भात संपेपर्यंत विचारलं नाही.