गाडी थांबली की मामंजी उतरत

गाडी थांबली की आमचे मामंजी खाली उतरलेच म्हणून समजा. स्टेशन कितीही फडतूस असो. फलाट नसला तर धोतर सावरून खडीत उडी! मग दोन्ही हात वर करून असा आळस द्यायचे, की जणू गाडी त्यासाठीच थांबवली होती. सासरे होते म्हणून तेव्हा गप्प बसले. आता नाही बसायची.

"थांबलेल्या गाडीत बसून राहतं ते सामान. माणसानं पाय मोकळे करावेत," असं म्हणायचे. आणि मला? "सूनबाई, तुम्ही उठू नका, जागा जाईल." म्हणजे मी सामानच की! साताऱ्याहून सांगलीला माहेरी जाताना माझ्या पायांना मुंग्या येत, आणि हे खाली शतपावली करत.

खोटं कशाला बोलू, डब्यातल्या लोकांना ते फार आवडत. प्रत्येकाचा तांब्या भरून आणायचे, म्हाताऱ्यांना हात धरून उतरवायचे, कुणाच्या पोराला पेरू. लोक म्हणत, "काय देवमाणूस आहे!" देवमाणसाच्या सुनेला तहान लागते, हे मात्र देवाला कधी सुचलं नाही. गाडी हलली तरी ते सावकाश चालत येऊन चढत. "पळायला मी काय चोर आहे?" मेला जीव टांगणीला लागायचा माझा.

लढाईचे दिवस होते. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, फौजेत, दूर कुठेतरी. तशात सांगलीहून निरोप आला, आई अखेरच्या घटका मोजतेय. मामंजी जेवत होते. भरल्या ताटावरून उठले आणि मला घेऊन निघाले. तेवढं त्यांचं मानायलाच हवं. मला नुकतेच दिवस गेले होते. घरात अजून कुणाला बोलले नव्हते. पहिल्यांदा आईलाच सांगायचं, एवढं एकच डोक्यात होतं.

कऱ्हाडला इंजिन पाणी घ्यायला थांबलं. मामंजी लोकांचे तांबे गोळा करून उतरले. नळापाशी कुणी ओळखीचा भेटला आणि गप्पा रंगल्या. गार्डानं झेंडी दाखवली, तरी यांची पाठच. सासऱ्यासमोर आवाज चढवायची तेव्हा काय बिशाद होती! पण मी ओरडले, "मामंजी, गाडी सुटली!"

सगळा फलाट वळून बघायला लागला. मामंजीही वळले. चार पावलं धावले असते तर डबा सहज मिळाला असता. पण सुनेनं चारचौघांत हाक मारायची आणि सासऱ्यानं धावायचं? शोभतं का! जागच्या जागी उभे राहून ओरडले, "उतरा खाली!"

आणि सवयीनं मी उठलेसुद्धा. शेजारी पलूसकडची एक म्हातारी होती. तिनं माझा पदर धरून खाली ओढलं. "बस गं गप! आय तुजी हाय, त्यास्नी काय त्याचं?"

मी बसले. तिकिटं मामंजींच्या खिशात. सांगलीसाठी माधवनगरला उतरले आणि स्टेशनमास्तरांपुढे रडले तेव्हा त्यांनी सोडलं. टांग्यानं दिवेलागणीला घरी पोचले. आई शुद्धीवर होती. मी जवळ बसले, तर ती माझ्या मागे दाराकडे बघायला लागली. "व्याही कुठायत?"

मी झालेलं सांगितलं आणि तिथंच सगळं संपलं. "व्याह्यांना टाकून आलीस? काय म्हणतील ते?" मग तेच सुरू. त्यांना पाय धुवायला पाणी काढा, चांगली सतरंजी घाला, आले का, बघा. मी तिच्या कानाशी वाकून मला दिवस गेल्याचं दोनदा सांगितलं. तिनं "हं" म्हटलं आणि विचारलं, "आले का गं?" दाराकडे बघत बघतच ती गेली.

मामंजी दुसऱ्या दिवशी सकाळी आले आणि माझ्यापेक्षाही जास्त रडले. पुढे मरेपर्यंत आल्यागेल्याला सांगत, "विहीणबाईंचा जीव माझ्यात अडकला होता हो. शेवटपर्यंत माझीच वाट बघत होत्या." सांगताना डोळे भरून येत. लोक हळहळत. मी आत चहा गाळत असे आणि अंगाचा तिळपापड होई. खोटं बोलत असते तर बाहेर येऊन तोंडावर सांगितलं असतं. पण ते खरं होतं.