बगळ्यासाठी मांडलेले ठिपके

लेक नोकरीला बंगळूरला गेली तेव्हा तिचा चित्रांचा डबा कपाटावरच राहिला. त्यात शाईची काळी कांडी, ती उगाळायचा दगड, दोन ब्रश आणि गुंडाळलेले सात कागद होते. कॉलेजात असताना तिने चिनी चित्रांचा क्लास लावला होता. त्या कागदाला ती राइस पेपर म्हणायची. मी एकदा हुंगून पाहिला. तांदळाचा वास नव्हता.

नवरा ट्रेलर घेऊन न्हावा शेव्याहून निघाला की आठ-आठ दिवस येत नाही. लेकीचा फोन रोज येतो. "जेवलीस का?" "जेवले. तू?" "हो." मग ती फोन ठेवते. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. एकदा वाटलं, तिच्यासारखं एक चित्र काढून तिला दाखवावं. बोलायला काहीतरी होईल.

बगळा काढायचं ठरवलं. माझे वडील मिठागरात कामाला होते. तिथे बांधावर एक पाय दुमडून बगळे उभे असायचे. आता भराव टाकून तिथे इमारती झाल्यात, पण बगळा माझ्या डोळ्यांपुढे होता.

देवासाठी चंदन उगाळतात तशी कांडी उगाळली. रांगोळी मला चांगली जमते, म्हणून सवयीने आधी ठिपके मांडायला घेतले. पहिला ठिपका टेकवला न टेकवला तो वाटाण्याएवढा झाला, मग रुपयाएवढा. शेजारचा त्याला जाऊन मिळाला. घाबरून मी बोट फिरवलं, रांगोळीत चुकलेली रेघ पुसतात तसं. ओला कागद फाटला.

पाच कागद असेच गेले. ठिपक्यांशिवाय हात पुढे जाईना. मधे नवरा आला, माझी काळी बोटं बघून म्हणाला, "काय गो, शालंत नाव घातलंस काय परत?" मी हात पदराखाली घेतले.

सहाव्याला ब्रश फडक्याला टिपून बघितला. सातव्याला ठिपके मांडले नाहीत. बगळ्याची मान जाड झाली, पण पाय बरोबर आला.

संध्याकाळी फोन आला तेव्हा चित्र शेजारीच वाळत होतं. सांगणं ओठांवर आलं, पण लाज वाटली. ती एवढी शिकलेली, मी चौथी पास. म्हणून नुसतं विचारलं, "तुझ्या त्या कागदावर शाई पसरते, तिला काय करतात गं?"

"तुला कशाला?"

"शेजारची मुलगी विचारत होती."

"तिला सांग, ब्रश आधी टिपायचा. आणि मधे थांबायचं नाही. हात थांबला की पसरलीच शाई! मी तर पहिल्या दिवशी दहा कागद घालवले. मॅडम अशा ओरडल्या ना आई..." ती हसायला लागली. कितीतरी वेळ बोलत होती. मी हं हं करत राहिले.

शेवटी म्हणाली, "माझा डबा आहे ना तिथे? देऊन टाक तिला. मला कुठे आता वेळ!"

"बरं," म्हटलं.

आमच्या शेजारी मुलगी नाही. शेजारचं घर दोन वर्षं बंद आहे. बगळा मी गादीखाली ठेवला आणि डबा कपाटावरून काढून गव्हाच्या पिंपामागे सरकवला. दिवाळीला ती आली की दिसायला नको.

हल्ली जेवणाचं विचारून झालं की ती विचारते, "काय गं, जमतंय का त्या मुलीला?"

"जमतंय," मी सांगते. "मान तेवढी जाड येते म्हणत होती."