सुलभाताईंचा वॉकर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीलाही नाही. आज तुला सांगते आहे, पण लगेच मान हलवून समजूतदार चेहरा करू नकोस – तो चेहरा मला सहन होत नाही.

मुलुंडच्या एका वृद्धाश्रमात मी अकरा वर्षं आहे. काम काय, तर म्हाताऱ्या माणसांना पडू द्यायचं नाही. बाथरूमची फरशी कोरडी ठेवायची, आणि सगळ्यात आधी – वॉकर खाटेपासून हाताच्या अंतरावर. हा नियम मला झोपेतही पाठ आहे.

सुलभाताई सहा नंबरच्या खाटेवर होत्या. शाळेच्या रिटायर्ड मुख्याध्यापिका, ऐंशीच्या पुढच्या, जीभ तिखट. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. "असं होय," म्हणाल्या, आणि तेव्हापासून माझ्या हातचं पाणी बंद. मी अंग पुसलेलं चालायचं, गू-मूत काढलेलं चालायचं – पाणी मात्र नाही. खिडकीजवळच्या टेबलावर त्यांचा स्वतःचा तांब्या असायचा. तिथवर त्या वॉकर घेऊन स्वतः जायच्या.

राग यायचा का? राग कसला, मी त्या बाईचा द्वेष करत होते. तिच्या खोकल्याचासुद्धा. पण आडनावाच्या मागे मी लपणार नाही. भांडुपला आमच्याच वस्तीत राहणारी लता तिथे कामाला होती, तिच्याही हातचं पाणी त्या पीत नव्हत्या. लताने त्यांच्या वॉकरला कधी हात लावला नाही. मी –

मी काय केलं? एका दुपारी, जेवणं झाल्यावर त्यांचा डोळा लागला होता. मी वॉकर उचलला आणि दाराशी नेऊन ठेवला. तहान लागली की तिने मला हाक मारावी, पाणी दे म्हणावं – एवढंच हवं होतं मला. ती पडेल हे माहीत नव्हतं? माहीत होतं गं. माझं कामच ते होतं.

त्यांनी हाक मारली नाही. प्लास्टिकच्या खुर्चीला धरून उठल्या आणि खुर्ची सरकली. आवाज ऐकून मी धावत आत आले. आणि त्यांना हात लावण्याआधी मी वॉकर उचलून खाटेजवळ ठेवला. त्या फरशीवर पडल्या-पडल्या माझ्याकडे बघत होत्या. मग मी ओरडून सगळ्यांना बोलावलं.

रजिस्टरमध्ये लिहिलं – वॉकर जवळ असूनही पेशंटने घेतला नाही. खुब्याचं हाड मोडलं होतं. अंधेरीहून मुलगा आला. त्याला त्या स्वच्छ म्हणाल्या, "वॉकर दाराशी होता. हिने ठेवला होता." त्याने माझ्याकडे पाहिलं. मी आवाज खाली करून म्हटलं, "विसरतात हो हल्ली." किती सोपं असतं! तो त्यांच्यावरच चिडला – "आई, बस कर ना यार. लोकांवर काय ढकलतेस?" त्यानंतर त्या काहीही बोलल्या, की ऐकणारे एकमेकांकडे बघून हसायचे. आयुष्यभर वर्ग गप्प करणाऱ्या बाईला मी तीन शब्दांत वेडं ठरवलं.

ऑपरेशननंतर त्या चालल्याच नाहीत. मी चमच्याने पाणी पाजायचे. त्या डोळे मिटून प्यायच्या. आणि मला – तुला किळस आली तर येऊ दे – मला बरं वाटायचं. चार महिन्यांनी त्या गेल्या.

आता नवीन मुलींना मीच शिकवते. शिकवताना उदाहरण लागतं, मी त्यांचंच देते. हट्टी पेशंट, वॉकर हाताशी होता, घेतला नाही. मुली वहीत उतरवून घेतात. परवा एकीने हात वर केला – "मॅडम, त्या आजी स्वतः काय म्हणाल्या?"

मी म्हटलं, काही नाही.