पोलंडच्या लोकलचा सौदा

समोरच्या गॅरेजात परवा एका टेम्पोला पिवळा-निळा रंग देत होते. ऑइलपेंटचा वास नाकात शिरला आणि मला त्याच रंगाची पोलंडची इलेक्ट्रिक लोकल आठवली. तिकडं ती जुनी गाडी वर्षानुवर्षं माणसं वाहते आहे. रेल्वे चालवायच्या कॉम्प्युटर गेमसाठी मी ती इथं भूममध्ये बसून, फोटो बघत, ड्रायव्हरच्या हँडलपासून बाकड्यांपर्यंत हुबेहूब उभी केली होती. गेमसाठी अशा गाड्या बनवणाऱ्या आमच्या गटाचा म्होरक्या पुण्याचा. माझं आधीचं इंजिन त्याने स्वतःच्या नावावर खपवलं होतं. या वेळीही व्हिडिओ कॉलवर तो गोड बोलला, "फाईल तर पाठव, नावाचं नंतर बघू." माझं डोकं सणकलं. "मागल्या खेपेलाबी नंतरच बघणार होतास ना?" शेजारी वडील बसले होते. त्यांनी जन्मभर बाजारात बैल विकलेले. हळूच म्हणाले, "भांडत बसू नको. दावं धर आन् चालाय लाग." भाव जमला नाही की विकणारा बैल घेऊन सरळ निघतो, खरं गिऱ्हाईक मागं येतंच. मी कॉल कापला. चहा निवायच्या आत त्याचाच फोन वाजला. "लावतो बाबा तुझं नाव." "लावतो न्हाय. आधी लाव, मग फाईल." वडील म्हणाले, "गावाचंबी लावाय सांग." तेही लावून घेतलं. त्या माणसावरचा माझा राग अजून गेलेला नाही. पण पोलंडात कुणी गेममध्ये ती गाडी सुरू केली की पडद्यावर आधी माझं नाव येतं आणि त्याखाली भूम, जिथं अजून रेल्वे आलेली नाही.