इस्माईलचाचांची चाळीस पानं

चालू पंपाजवळ गेलं की इस्माईलचाचा हात उलटा करायचे आणि बोटांच्या मागच्या बाजूने पंप चाचपायचे, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसं. कतारमधल्या मेसईदच्या खत कारखान्यात मी नवा इंजिनिअर म्हणून आलो, पहिल्याच दिवशी पंपावर सरळ तळवा टेकवला आणि ओरडा खाल्ला. "सायेब, करंट असला तर तळवा चिकटून बसतो. उलटा हात आपोआप मागं येतो. शिकवलं नाय कॉलेजात?" नव्हतं शिकवलं.

राजापूरकडचे चाचा सव्वीस वर्षं तिथे फील्ड ऑपरेटर होते, म्हणजे कारखान्यात फेऱ्या मारून यंत्रं तपासायचे. मला 'सायेब' म्हणायचे आणि 'तू'ही म्हणायचे. माझं काम नेमकं त्यांच्या फेऱ्या कमी करण्याचं होतं. देशाचं धोरणच तसं ठरलं होतं: उत्पादन वाढवायचं ते माणसं वाढवून नाही, यंत्रं हुशार करून. सेन्सर कुठे बसवायचे हे मी चाचांनाच विचारायचो आणि ते हौसेने दाखवायचे. याची मला आज लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

सगळा कारखाना दोह्यातल्या पडद्यांवर दिसू लागला, तशी सरकारला दुसरी काळजी लागली. नेटवर्कमधून कुणी शत्रू आत शिरला, तर गोळी न झाडता कारखाना बंद पाडेल. म्हणून फर्मान निघालं की दर सहा महिन्यांनी एक युनिट नेटवर्कपासून तोडून आठ तास हाताने चालवून दाखवायचं.

पहिल्या ड्रिलला आम्ही अमोनिया थंड ठेवणाऱ्या पाण्याचं युनिट घेतलं. कारखान्यातले आमचे पडदे काळे झाले आणि आम्ही चार इंजिनिअर एकमेकांची तोंडं बघत उभे राहिलो. दाब उतरायला लागला. चाचांनी व्हॉल्व्हचं चाक धरलं. "पाव फेरा, मग दम. परत पाव फेरा. यल्ला, चल, तू काटा वाच, तोंड बघू नको माजं." आठ तास त्यांनी आम्हाला असंच नाचवलं. युनिट चालू राहिलं.

मॅनेजर खूश झाले आणि म्हणाले, "चाचांना येतं ते सगळं लिहून काढा."

फील्ड ऑपरेटर निम्मे करायचे ठरलंय, हे मला ठाऊक होतं. कँटीनमध्ये मी हळूच म्हणालो, "चाचा, सगळं सांगू नका. थोडं डोक्यात ठेवा. तुमच्यावाचून अडलं, तर काँट्रॅक्ट वाढवतील."

त्यांनी घास ताटात ठेवला. "सायेब, पाणी अडलं तर अमोनिया सुटतो. माजी नोकरी ऱ्हावी म्हणून तो कोणाच्या तोंडावर सोडू?"

मग तीन आठवडे ते बोलले आणि मी इंग्रजीत टाईप केलं. वाऱ्याच्या दिवसांत कुठल्या काट्यात वाळू अडकते, कुठलं चाक उलटं फिरतं, सगळं. चाळीस पानं झाली. सुरक्षा विभागाने त्यांवर 'गोपनीय'चा शिक्का मारला. चाचांना छापलेली प्रत एकदा बघायची होती. तुमच्या ग्रेडला परवानगी नाही, हे मलाच सांगावं लागलं. ते मोठ्याने हसले. "मग माज्या डोक्यावर पण मारा शिक्का!"

दोन महिन्यांनी त्यांचं काँट्रॅक्ट संपलं आणि ते वाढवलं नाही. कंपनीच्या बसपाशी मी त्यांची बॅग चढवली. माफी मागायची होती, पण जमलं नाही.

पुढच्या ड्रिलला आम्ही त्यांची पानं मांडीवर घेऊन बसलो. संध्याकाळी राजापूरहून फोन आला. त्यांनी सहा महिने बरोबर मोजले होते. मी अवघडलो. "चाचा, फोनवर यातलं काही बोलायला बंदी आहे."

"ठाऊक हाय रे. युनिटचं इचारत नाय मी. पोरं धड हायत ना?"

"सगळे जेवून घरी गेले, चाचा."

"मग खलास. माजं काम झालं," ते म्हणाले, आणि त्यांनीच फोन ठेवला.