निळे ठिपके

मुलांनो, गेल्या आठवड्यात फोनवर तुम्ही म्हणालात, "धाकट्या आजीने पाठवलेला पणजीचा फोटो काय सुंदर तपकिरी आलाय! भिंतीवर लावलासुद्धा." मी "वा, छान" म्हणाले आणि फोन ठेवल्यावर चहात साखरेऐवजी मीठ घातलं. त्याच भिंतीसाठी पणजीचा तोच फोटो मी महिनाभर करत होते.

तुमच्या पणजोबांचा इथे नगरमध्ये फोटो स्टुडिओ होता. अंधाऱ्या खोलीतलं काम त्यांनी आम्हा दोघी जावांना, मला आणि तुमच्या धाकट्या आजीला, शिकवलं. मला आधी. आता आमची घरं एकाच कंपाउंडात आहेत, बोअर एकच, आणि रसायनांची पुडीही आम्ही एकच आणून अर्धी अर्धी करतो.

काळापांढरा फोटो तपकिरी करायचा तर तो आधी ब्लीचमध्ये फिका करतात, मग टोनरमध्ये बुडवतात. टोनरला सडक्या अंड्यांचा वास येतो, तो मी सोसला. पण दर वेळी पणजीच्या पांढऱ्या पदरावर निळे ठिपके! मी नोंदींची वही उघडली. टोनर ताजा केला: ठिपके. फोटो पक्का करणारा फिक्सर बदलला, कागद तासभर धुतला: ठिपके. ब्लीचमध्ये लोखंडाचा कण गेला की निळं उमटतं, हे मला ठाऊक होतं. म्हणून नळाला मलमलीची पिशवी बांधली. तरी ठिपके. आणि त्याच पाण्यात धाकटीचा फोटो स्वच्छ! ही काहीतरी लपवते आहे, असं मला वाटू लागलं.

एका दुपारी तिची वाटी परत द्यायच्या निमित्ताने गेले. ती टोनरपाशीच होती. घड्याळ नाही, वही नाही. देवळातलं एक गीत गुणगुणायचं, ते संपलं की कागद उचलायचा.

"अक्का, वाटी द्याया आलात का बघाया?"

"बघायला," मी म्हणाले. खोटं सुचलंच नाही.

"मग बघा की. लपवाया हाय काय हितं? टब हाय, पानी हाय."

टब हिरव्या प्लास्टिकचा होता, तिच्या माहेरच्या, काष्टीच्या बाजारातला.

घरी येऊन मी माझे ट्रे उलटे केले. स्टुडिओचं सामान वाटलं तेव्हा हे पांढरे एनॅमलचे ट्रे तिलाही हवे होते. मी थोरली, म्हणून तिच्या हातातून घेतले. ब्लीचच्या ट्रेच्या कोपऱ्यात टवका उडाला होता आणि आत गंज. पाणी तपासलं, पुडी तपासली. ट्रे माझे, म्हणून ते तपासलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी टब मागायला गेले.

"आन् तुमचं ट्रे?"

"गंजलेत."

ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "बरं झालं बाई, तवा तुमीच घेतलं!"

फोटो सोबत पाठवते आहे. एकही ठिपका नाही. टब तिचा होता, हे लिहायला मला तीन दिवस लागले. भिंतीवर एकच खिळा असेल तर तिचाच फोटो राहू द्या. फक्त दोन्ही एकदा शेजारी धरून उजेडात पाहा, आणि काय वाटलं ते मला एकटीला सांगा.