बरोबरीत सुटलेली कुस्ती

क्रिकेटमधल्या मॅच-फिक्सिंगच्या बातम्या आल्या तेव्हा शिरूरहून रांजणगावला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये सगळ्यात मोठा आवाज माझा असायचा. खेळ विकणाऱ्याला पुन्हा मैदानात पाय ठेवू देऊ नये, हे माझं मत तेव्हाही होतं, आजही आहे. शेजारी बसलेला माझा थोरला भाऊ मात्र खिडकीबाहेर बघत राहायचा. तो पैलवान होता.

त्याच वर्षी आमच्या गावच्या यात्रेत शेवटची कुस्ती त्याची होती, समोर नदीपलीकडच्या गावचा गडी. आदल्या वर्षी याच कुस्तीवरून दोन्ही गावांत डोकी फुटली होती. म्हणून यात्रा कमिटीनं दोघांना देवळामागं बोलावून सांगितलं, "कुणी पडायचं न्हाई. बरोबरीत सोडवू." दोघं नुसते एकमेकांच्या माना धरून फिरत राहिले. लोकांनी शिट्ट्या मारल्या, ठरवून केलेली नुरा कुस्ती म्हणून ओरडले. हे आपणच ठरवलं होतं, हे कमिटीतल्या एकानंही कबूल केलं नाही. खरं काय ते दादानं फक्त मला सांगितलं.

बसमध्ये माझा एक दोस्त असायचा, मूळचा दौंडचा, शिरूरला खोली घेऊन राहणारा. कॉपी करून करून घरघरणाऱ्या कॅसेटवर रॅप ऐकायचा आणि तसंच मराठीत रचायचा. कुठल्याही दुकानात न मिळणारी ती गाणी मला फार आवडायची, कारण त्यात कुणाची खुशामत नसायची. एका सकाळी सीटच्या दांड्यावर ताल धरून त्यानं क्रिकेटवाल्यांना झोडपलं आणि मग गाणं आमच्या यात्रेवर आणलं.

"तांबडी माती, फुगली छाती, कुस्ती ठरली आदल्या राती."

त्या कुस्तीची बोलवा त्याच्या कानावर आली होती, पण पैलवान कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. सगळी बस हसली, पुन्हा म्हणायला लावलं. मी उठायला लागलो तसा दादानं माझा गुडघा दाबला.

"बस खाली. त्याचं खरं हाय."

"आरं पण कमिटीनं..."

"कमिटी न्हाई उतरली आखाड्यात."

मला आजही चीड येते ती कमिटीची. आणि वाईट याचं वाटतं, की ते गाणं खरंच चांगलं होतं.

पुढच्या यात्रेला कमिटीनं शेवटच्या कुस्तीसाठी दादाला बोलावणं धाडलं. त्यानं दारातूनच सांगितलं, "सेकंड शिफ्ट हाय मला, जमायचं न्हाई."

त्या दिवशी त्याला सुट्टी होती. दुपारभर तो घरात भिंतीकडं तोंड करून पडून होता, आणि आखाड्यातली हलगी घरापर्यंत ऐकू येत होती.